वरात निघालीच आहे!

लग्नात सगळ्यांत बिनकामाचा माणूस कोण, असं विचारलं तर लोक नवरदेवाच्या आत्याच्या नवऱ्याकडे बोट दाखवतील. पण आत्याच्या नवऱ्याला निदान रुसता येतं. तो रुसला की चार जण समजूत काढायला धावतात, त्याला दुपट्टा-टोपी मिळते, वर पंगतीत बुंदीचा जादा वाढा मिळतो. लग्न लावणारा रुसला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याची आठवण दोनदाच होते. वरात दारात आली की "अरे, महाराज कुठं गेले?" म्हणून, आणि जेवणाच्या टेबलाकडे गर्दी सरकली की "महाराज, आटपा ना जी लवकर" म्हणून. या दोन वाक्यांच्या मधल्या वेळात जे काय उरकलं जातं, त्याला आमच्याकडे लग्न म्हणतात.

मी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत लग्नं लावतो. मूळचा जिल्हा परिषदेचा मास्तर. नोकरीत जनगणना केली, मतदार याद्या केल्या, निवडणुकीच्या पेट्या वाहिल्या, खिचडीचे तांदूळ मोजले आणि एका वर्षी गावातले संडासही मोजले. सरकारला मास्तराकडून करून घ्यायचं सुचलं नव्हतं असं एकच काम उरलं होतं, ते निवृत्तीनंतर मी आपण होऊन पत्करलं.

त्यामागे विद्वत्ता नव्हती, आवाज होता. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाला नाटक कंपन्यांची अख्खी बाजारपेठ आहे, आणि रात्री उघडलेला पडदा उजाडल्याशिवाय पडत नाही. गावच्या मंडळात मी राजा, सासरा आणि डाकू अशी चढत्या क्रमानं कामं केलेली. पहाटे चारला शेवटच्या रांगेत घोरणाऱ्या प्रेक्षकाला दचकवून उठवणं, ही माझी पंचक्रोशीतली ख्याती. एका वैशाखात गावातल्या लग्नाचे महाराज एकाच मुहूर्ताच्या तीन लग्नांत अडकले. पहिलं लावून दुसऱ्याकडे निघाले आणि तिसऱ्याचा फोन उचलेनासे झाले. तेव्हा मांडवातून कुणीतरी ओरडलं, "मास्तरले बलवा बे, त्याचा आवाज मोठा आहे!" माझी नेमणूक झाली ती अशी.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अख्ख्या नोकरीत वर्गातल्या पोट्ट्यांनी तुमचं ऐकलं नाही. आता मांडव ऐकणार आहे का?"

"आता माईक असतो," मी म्हणालो.

"माईक तं डीजेवाल्याजवळबी असते."

या व्यवसायाचं याहून नेमकं वर्णन मला अजून सापडलेलं नाही.

तरी मी कामाला लागलो. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी पौरोहित्य शिकवते, जातीची अट नाही, बायकाही शिकतात, आणि मंत्राबरोबर त्याचा मराठी अर्थ सांगायची तिथली रीत आहे, हे मी वाचलं होतं. तेव्हा आपणही अर्थ सांगून लग्न लावायचं, असं ठरवलं. वह्या आणल्या, टिपणं काढली, आरशासमोर सराव केला. पहिल्याच लग्नात पाणिग्रहणाचा अर्थ सांगून झाला, लाजाहोमाचा झाला, सप्तपदीच्या अर्थाला हात घालतो तोच मागून आवाज आला, "गुरुजी, अर्थ कागदावर लिहून द्या, आम्ही घरी वाचतो. इथं भात थंडा होऊन राह्यला."

दुसऱ्या एका मांडवात वधूच्या चुलत्यानं मला अडवलं. "तुम्ही काही बामण नाही. मग लग्न कसे लावता?" हा प्रश्न यावा म्हणून मी महिनाभर दबा धरून बसलो होतो. मी घसा साफ केला. म्हणालो, २४ सप्टेंबर १८७३ ला जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीविना पहिलं लग्न लावून दाखवलं. पुढे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला असंच लग्न लागलं तर तिथले जोशी दक्षिणा बुडाली म्हणून कोर्टात गेले आणि भांडण हायकोर्टापर्यंत पोचलं. काका, दीडशे वर्षं झाली या गोष्टीला! चुलते गप्प झाले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांच्या मागून एक म्हातारी पुढे झाली. "ते सारं बरोबर आहे गुरुजी. पण आंब्याची डहाळी आणली का?" आणली नव्हती. जोतीरावांना बाजूला ठेवून मी डहाळी शोधायला गेलो.

आमच्याकडे लग्नाचा खरा हंगाम एप्रिल-मे. चंद्रपूरचा पारा तेव्हा शेहेचाळीस-सत्तेचाळीसवर असतो आणि बातम्यांत आमच्या गावाचं नाव येतं ते फक्त याच कारणानं. अशा उन्हात नवरदेवाच्या अंगावर भाड्याची मखमली शेरवानी, डोक्यावर फेटा, कपाळावरून निथळणाऱ्या मुंडावळ्या, आणि समोर मी होम पेटवून बसलेला. एका नवरदेवाला "अग्नीला साक्षी ठेवून" म्हटलं तर तो केविलवाण्या चेहऱ्यानं म्हणाला, "गुरुजी, सूर्याले ठेवलं तं नाही चालणार का?"

उन्हाचा त्रास टाळायचा तर गोरज मुहूर्त आहे. पण ताडोबाच्या कडेच्या गावांत गोरज मुहूर्त काढणं हे धाडसाचं काम. तिन्हीसांजेला एकट्या-दुकट्यानं घराबाहेर पडू नका, असे वनखात्याचे फलक गावोगावी लागलेले, आणि पंचांग नेमकं तेव्हाच बाहेर पडा म्हणतं. एकदा मूल गावच्या रस्त्यावर माझ्या मोटारसायकलपुढे वाघ आला. आला, रस्त्याच्या मधोमध बसला आणि जांभया देऊ लागला. दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा लागल्या. तो उठून गेला आणि मी मांडवात पोचलो तेव्हा वधूपिता कमरेवर हात ठेवून उभे.

"काऊन उशीर झाला गुरुजी?"

"वाघ होता."

"वाघाचं तं आमचे जवाईबी सांगतात," ते म्हणाले आणि माझ्या तोंडाजवळ येऊन वास घेऊन गेले.

वासाचा विषय निघालाच आहे तर वरातीकडे वळू. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. त्यामुळे चंद्रपूरकडून गडचिरोलीला निघालेली वरात वैनगंगेच्या पुलाअलीकडे हमखास थांबते. कारण विचारलं तर "गाडीचं इंजिन तापलं" असं सांगतात. इंजिन एका गाडीचं तापतं आणि थंड व्हायला पाच गाड्यांतली माणसं उतरतात. आता गंमत पाहा. २०१५ ते २०२१ या काळात नदीच्या दोन्ही काठांवर बंदी होती. म्हणजे वराती वेळेवर यायला हव्या होत्या. एकही आली नाही. यावरून उशिराचं मूळ दारूत नाही, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध होतं. ते रक्तात आहे.

वरात गावात शिरली की धुमाल पार्टी सुरू होते. ज्यांनी विदर्भातला धुमाल ऐकला नाही त्यांना सांगतो, तो कानानं ऐकायचा नसतोच, तो बरगड्यांत वाजतो. मांडव डोळ्यांसमोर दिसतो, नवरी सजून बसलेली दिसते, मी हातात अक्षता घेऊन उभा दिसतो, आणि वरात त्या शेवटच्या शंभर पावलांना दीड तास लावते. घोडीवर नवरदेव झोपेला आलेला. घोडी त्याहून कंटाळलेली. नवरदेवाचे मित्र रस्त्यावर लोळून नागीण करताहेत आणि चुलते तोंडात दहाची नोट धरून पुंगीवाले झालेत. मी फोन करतो, "कुठपर्यंत आले जी?" उत्तर ठरलेलं, "निघालोच!" हे उत्तर घरून निघायच्या आधी मिळतं, पुलावर मिळतं आणि मांडवाच्या दारातही मिळतं.

एकदाची वरात आत येते. वाटतं, आता लग्न लागेल. पण नाही. आता सत्कार. आजी-माजी सरपंच, पंचायत समितीचे सदस्य, होऊ घातलेले जिल्हा परिषद सदस्य, सगळ्यांना शाल-श्रीफळ. माईक माझ्या हातातून जातो आणि सूत्रसंचालकाकडे येतो. तो मान्यवरांची नावं घेतो आणि मधेच "एमएच ३३ पासिंगची पांढरी गाडी ज्यांची असेल त्यांनी ती काढून घ्यावी, आचाऱ्याचा टेम्पो अडकला आहे" असंही म्हणतो. अख्ख्या लग्नात लोक जिवाचे कान करून ऐकतात ती सूचना हीच.

मग मंगलाष्टकं. लोकांना वाटतं, ही लग्न लावणारा म्हणतो. तो बिचारा पहिलं म्हणतो आणि शेवटचं म्हणतो. मधली नातेवाइकांची मालमत्ता असते. माईकजवळ आत्या, मावश्या, मामा, शाळेतल्या बाई आणि नवरीची मैत्रीण अशी रांग लागते. प्रत्येकाच्या हातात वहीचं पान. एका काकांनी तर स्वतः रचलेलं आणलं होतं. वृत्त शार्दूलविक्रीडित, एकोणीस अक्षरं, चूक काढायला जागा नाही. पहिलीच ओळ होती : "मामा हे वडसा तसेच मुरली काका चिमूरातले!" मी हळूच म्हटलं, "काका, 'चिमूरचे' म्हणा ना, 'चिमूरातले' कसं तरी वाटतं." काका भडकले. "चिमूरचे म्हटलं तं दोन मात्रा कमी पडतात. तुम्ही मास्तर असून वृत्त मोडता?" पुढच्या कडव्यांत ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही असं करत काकांनी बल्लारपूरपर्यंतचे सगळे पाहुणे वृत्तात बसवले. सावलीचे साडभाऊ बसले नाहीत. ते लग्न संपेपर्यंत काकांशी बोलले नाहीत. या सगळ्या वेळात अंतरपाट धरून उभे राहिलेले दोन मेव्हणे, हात भरून आल्यामुळे, तो हळूहळू गुडघ्यापर्यंत खाली आणतात, आणि ज्यांनी एकमेकांना अजून पाहायचं नाही असे वधूवर समोरासमोर उभे राहून मोबाईल बघत असतात.

सप्तपदी हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग. १९५५ चा हिंदू विवाह कायदा सांगतो की जिथं सप्तपदीची रीत आहे तिथं सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं, बंधन लागू झालं. मी हे गंभीर आवाजात सांगतो, सहा पावलं मोजतो, सातवं पडतं, आणि तोंडातून "विवाह संपन्न" बाहेर पडायच्या आत फोटोग्राफर ओरडतो, "गुरुजी, पाचवं पाऊल ब्लर आलं! मागं घ्या!" आता कायद्यानं जोडलेलं जोडपं दोन पावलं मागं आलं की ते किती टक्के सुटलं, हे मला कुठल्याही वकिलानं अजून सांगितलेलं नाही. एका लग्नात ड्रोनसाठी परत, रीलसाठी परत, मावशी बाथरूमला गेली होती म्हणून परत, असं करता करता त्या दोघांची इतकी पावलं झाली की तेवढ्यात ते मार्कंड्याच्या देवळापर्यंत चालत पोचले असते.

२०२४ साली सुप्रीम कोर्टानंही या विषयात लक्ष घातलं. विधीच झालेले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्रानं हिंदू विवाह होत नाही, आणि विवाह म्हणजे नाचगाणं नि खाणंपिणं यांचा कार्यक्रम नव्हे, अशा अर्थाचं कोर्ट बोललं. मला इतका आनंद झाला की बातमीचं कात्रण लॅमिनेट करून मी झोळीत ठेवलं. पुढच्या लग्नात धुमालवाल्याच्या नाकासमोर धरलं. त्यानं पुरतं वाचलं. "याच्यात नाच लिवला आहे, गाणं लिवलं आहे," तो म्हणाला, "धुमालचं काही नाही लिवलं ना?" आणि त्यानं आवाज वाढवला.

लग्न लागलं म्हणजे माझं काम संपलं, असंही नाही. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. त्याच्या अर्जावर नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारा, अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. वर शंभराचं कोर्ट फी तिकीट. लग्नात ज्यांना मी दिसलो नव्हतो त्यांना दोन-तीन वर्षांनी मी अचानक आठवतो. कुणाला पासपोर्ट काढायचा असतो, कुणाला बदलीसाठी पती-पत्नी एकत्रीकरण दाखवायचं असतं. भल्या सकाळी दारात जोडपं उभं, कडेवर पोर. "गुरुजी, ओळखलं का?" मी ओळखत नाही. "तुमीच तं आमचं लगन लावलं!" सही देतो, आधार कार्डाची झेरॉक्स देतो. दोन्ही जिल्ह्यांच्या फायलींत माझ्या आधारच्या इतक्या झेरॉक्सा पडून आहेत की उद्या सरकारनं मला शोधायचं ठरवलं तर मी एकाच वेळी शेकडो गावांत सापडेन.

आता लग्न लावणाऱ्यांच्या आमच्या गटाबद्दल.

चंद्रपुरात एकदा दोन लॉन एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होती. अलीकडे मी, पलीकडे बौद्ध पद्धतीचं लग्न. दोन्हीकडच्या कर्ण्यांची तोंडं एकमेकांकडे. पलीकडे त्रिशरण-पंचशील सुरू, इकडे माझी मंगलाष्टकं. मी "सावधान" म्हटलं की पलीकडे फुलं उडायची. तिकडे "साधु साधु साधु" झालं की आमच्याकडे अक्षता पडायच्या. शेवटी दोघंही वैतागून बाहेर आलो आणि चहाच्या टपरीवर भेटलो. पलीकडचे बौद्धाचार्य म्हणजे कोळसा खाणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. भारतीय बौद्ध महासभेचं रीतसर शिबिर करून, परीक्षा देऊन तयार झालेले. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथंच, तेव्हाच्या चांद्याला, दीक्षा दिली तेव्हा त्यांचे वडील मैदानात होते, हे त्यांनी पहिल्या घोटातच सांगितलं. पांढरा सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

"तुमचा मुहूर्त कितीचा होता?" त्यांनी विचारलं.

"साडेअकराचा. आता दोन वाजले."

त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्यात मुहूर्त नसतेच गुरुजी. तरीबी दोनच वाजले."

त्या क्षणी मला कळलं, आपल्याला सख्खा भाऊ भेटला. पत्रिकेवर देव वेगळे असतील, शंभर पावलांना दीड तास लावणारी माणसं तीच. आम्ही तिथंच ठरवलं, या धंद्यातल्या सगळ्यांना एकत्र आणायचं.

मूल हे दोन जिल्ह्यांच्या मधलं गाव, म्हणून तिथल्या बसस्टँडजवळच्या टपरीवर बैठका सुरू झाल्या. ज्यांनी माझ्या गावात तीन लग्नांचा मेळ घालताना तिसरं सोडलं होतं ते महाराज आले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमाले या धंद्यात आणलं ते मीच." गुरुदेव सेवा मंडळाचे भाऊ आले. तुकडोजी महाराजांच्या शिकवणीप्रमाणे साधं, कमी खर्चाचं लग्न लावतात आणि खर्चाविरुद्ध बोलायला उभे राहिले की बसत नाहीत. धानोऱ्याकडून गोंडांची लग्नं लावणारे भूमका काका आले. गोंडी रीतीत फेरे उजवीकडून डावीकडे, आमच्या उलट दिशेनं. आणि जुन्या चालीप्रमाणे नवरीच नवरदेवाच्या दारी येते, असं त्यांनी सांगितल्यावर आम्ही सगळे आशेनं पुढे सरकलो.

"मग तुमच्याकडे वरात उशिरा येत नसेल!"

"येते ना जी," काका म्हणाले. "फक्त नवरीकडची येते."

सिरोंच्याहून पंतुलू आले. प्राणहिताकाठचे, निम्मं तेलुगू बोलणारे. त्यांच्याकडे मुहूर्ताच्या नेमक्या क्षणी वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गुळाचा लेप ठेवतात. लेप वेळेवर तयार असतो, नवरदेव मेकअपमध्ये असतो. लेप वाळतो, पुन्हा भिजवतात, पुन्हा वाळतो. "लास्टला मुंग्या येते," पंतुलू हताशपणे म्हणाले. मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांची गावं वसलेली आहेत, तिकडचे ठाकूरमोशाय आले. बंगाली लग्नं रात्रीची. म्हणजे उशिराची सोय आधीच केलेली, असं आम्हाला वाटलं. "नाही," ते म्हणाले, "आमच्यात उशीर झाला की सकाळ होते." आणि एक ताई आल्या. एम.ए. झालेल्या, पुण्याला जाऊन शिकून आलेल्या, स्कूटीवर डबा घेऊन लग्नं लावत फिरणाऱ्या. वयानं सगळ्यांत लहान, आणि बैठकीला वेळेवर आलेल्या एकट्याच. बैठक अकराची होती. कोरम भरला दीडला. उशीर का झाला, असं त्यांनी विचारलं तर सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "निघालोच होतो."

व्हॉट्सॲपवर गट निघाला. नाव ठरवण्यात एक उन्हाळा गेला. 'पुरोहित संघ' म्हटलं तर बौद्धाचार्यांची हरकत, 'आचार्य मंडळ' म्हटलं तर महाराजांची, 'प्रचारक' म्हटलं तर सगळ्यांची. शेवटी 'लग्नवाले (मूल)' यावर एकमत झालं आणि लगेच दोघांनी स्थळं पाठवली. भामरागडकडच्या सदस्याला तिथं रेंज नसते, त्यामुळे सोमवारी विचारलेल्या प्रश्नाचं त्याचं उत्तर शुक्रवारी उगवतं. सोमवारी आम्ही विचारलं, कुणाकडे जादा अंतरपाट आहे का? शुक्रवारी कुणाच्या तरी आजीला श्रद्धांजली चालू असताना त्याचा निरोप आला, "माझ्याकडे आहे, घेऊन जा."

दक्षिणेचा दर ठरवायची बैठक तर अविस्मरणीय झाली. प्रत्येकानं आधी छातीवर हात ठेवून सांगितलं की आपण काही मागत नाही, लोक प्रेमानं देतील ते घेतो. मग प्रेमानं किती देतात, असं विचारल्यावर सगळे चहाच्या कपात बघू लागले. गुरुदेवभाऊ म्हणाले, "डीजेवाल्याले ॲडव्हान्स, लॉनवाल्याले ॲडव्हान्स, अन् आपल्याले आशीर्वाद द्या म्हणतात. द्यायचेबी आपणच!" यावर मात्र टाळ्या पडल्या. ताईंनी ठराव मांडला : वरात तासाभरापेक्षा जास्त उशिरा आली तर पुढच्या दर तासाला जादा दक्षिणा, आणि कुणी कितीही ओळखीचा असला तरी सूट नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. महाराजांनी दोन्ही हात वर करून अनुमोदन दिलं.

गटानं आणखी एक नियम केला, आणि तो मात्र गमतीत नाही केला. मुलीची अठरा आणि मुलाची एकवीस पूर्ण झाल्याचा शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय कुणी तारीख घ्यायची नाही. २००६ च्या कायद्यात बालविवाह लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. एका गावची मंडळी माझ्याकडे आली. "पोरगी अठराची आहे गुरुजी, आधारावर चुकून सोळा लागलं." मी दाखला मागितला. "उंदरानं खाल्ला." मी नाही म्हटलं आणि गटावर गावाचं नाव टाकलं. त्या दुपारी ती मंडळी महाराजांकडे गेली, गुरुदेवभाऊंकडे गेली, ताईंकडे गेली. सगळीकडून तेच उत्तर. शेवटी नवरदेवाचा बाप बौद्धाचार्यांकडे पोचला आणि म्हणाला, "आमाले काय, कोणत्याबी धर्मानं लावून द्या." तोवर गावचे ग्रामसेवक त्यांच्या अंगणात येऊन बसले होते. आमच्या गटाच्या इतिहासात सगळ्यांनी वेळेवर केलेलं काम हे एवढंच. भामरागडच्या सदस्याचं "मीपण नाही लावणार" सुद्धा त्या वेळी चक्क त्याच दिवशी आलं.

मग महाराजांच्या मुलाचं लग्न निघालं.

गटाला सहकुटुंब आमंत्रण. लग्न कुणी लावायचं, यावर आठवडाभर चर्चा झाली. महाराजांना स्वतःच्याच मुलाचं लावता येईना, कारण वरपिता म्हणून मिरवायचं होतं. बाकी सगळ्यांना वरातीत जायचं होतं. सगळ्यांचं म्हणणं एकच : जन्मभर मांडवात ताटकळलो, एकदा तरी दुसऱ्या बाजूनं यावं. काम ताईंच्या गळ्यात पडलं. मुहूर्त अकरा पंचावन्न.

आम्ही साडेदहाला निघणार होतो. पण पंतुलूंची बस यायची होती. ती आली तर गुरुदेवभाऊंची टोपी सापडेना. सापडली तर घोडीवाल्याचा चहा राहिला होता. पुलाजवळ एका गाडीचं इंजिन तापलं. खरंच तापलं होतं, मी बोनेटला हात लावून पाहिला. गावात शिरलो आणि धुमाल सुरू झाला. मी पाच मिनिटं कडेला उभा राहिलो. मग पायांनी माझं ऐकणं सोडलं. बौद्धाचार्यांनी पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर सरकवल्या. भूमका काका उलट दिशेनं गिरक्या घेत होते. ठाकूरमोशाय रस्त्यावर आडवे झाले आणि पंतुलूंनी तोंडात शंभराची नोट धरून त्यांच्यापुढे पुंगी वाजवली. महाराज, जे पंचांगातली घटका-पळं बोटावर मोजतात, ते दोन्ही हात वर करून ओरडत होते, "और एक! और एक!" समोर शंभर पावलांवर मांडवाच्या दारात ताई हातात अक्षता घेऊन उभ्या होत्या. गटावर त्यांचा निरोप आला, "कुठं आहात?" आम्ही सगळ्यांनी नाचता नाचता उत्तर टाकलं, "निघालोच."

लग्न लागलं तीनला. जेवणं झाली, पानसुपारी झाली, महाराजांनी खिशातून पाकीट काढून ताईंच्या हातात ठेवलं. ताईंनी ते तिथंच उघडलं, मोजलं आणि पर्समधून एक कागद काढला. मंजूर ठरावाची प्रत, खाली सगळ्यांच्या सह्या, महाराजांची सर्वांत वर.

"दोन तासांचे जादा राहिले महाराज," ताई म्हणाल्या.

"आता आपल्याच माणसाकडून घेता का जी? मी कोठचा परका?"

"सूट नाही, असं तुम्हीच दोन्ही हात वर करून म्हणाला होता."

महाराजांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे एकदम हात धुवायला निघालो. महाराजांनी मुकाट्यानं दोन नोटा काढून दिल्या. ताईंनी त्यांची रीतसर पावती फाडली, नमस्कार केला आणि स्कूटीला किक मारून पुढच्या लग्नाला गेल्या. तिथला मुहूर्त साडेतीनचा होता.

महाराज पावतीकडे बघत बराच वेळ उभे होते. मग मला कोपऱ्यात घेऊन खालच्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, या पोरीले गटात कोणं घेतलं जी?"